जुन्या इंदुरात फायबर: नगर निगमकडे (महापालिकेकडे) बघत बसायचं की आपणच काही करायचं?

बोळातला बंडू | ९ मे, रात्री १०.१२

मंडळी, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची गल्ली. नाव मुद्दाम लिहीत नाही, निम्मी गल्ली इथे वाचनमात्र असते. विजय नगर, निपानिया, बायपासकडच्या टाउनशिप, तिकडे कंपन्यांची पोरं पत्रकं घेऊन दारं वाजवत फिरतात. आमच्याकडे मात्र पर्याय दोनच: तांब्याच्या तारेवरचं जुनं कनेक्शन, नाहीतर केबलवाल्याचं नेट. रात्री आठनंतर दोन्ही मान टाकतात. सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. मिटिंग असली की लॅपटॉप घेऊन गच्चीवर जाते, कारण मोबाइलची रेंज तिथेच. मे महिन्यात भर दुपारी इंदूरच्या गच्चीवर बसून बघा एकदा.

गंमत अशी की मुख्य रस्त्यावर फायबर येऊन पडलंय. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे धो धो चालतं. तिथून आमच्या दारापर्यंत कोणी आणत नाही. कंपनीच्या माणसाला विचारलं की एकच पाठ केलेलं उत्तर, "निगमची परमिशन अडकली आहे, काका." मागच्या निवडणुकीत प्रचाराला आलेल्या सगळ्यांनीच, पक्ष कुठलाही असो, हायस्पीड इंटरनेट देऊ म्हणून पत्रकात छापलं होतं.

माझा प्रश्न सरळ आहे. रस्ता, पाणी, दिवाबत्ती निगम देतं, मग नेट का नाही? आणि देणार असेल तर जोर कुठे लावायचा, निगमच्या झोन ऑफिसात, पार्षदाकडे (म्हणजे नगरसेवकाकडे) की १८१ वर, मुख्यमंत्री हेल्पलाइनला? ज्यांच्या वस्तीत काम झालंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. पक्षांची भांडणं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

मालवी मिरची | ९ मे, रात्री १०.३१

आमच्याकडच्या पत्रकात 'वायफाय चौक' होता. चौक झालाय. बसायला बाकसुद्धा आहे.

आप्पा लोकमान्यनगर | १० मे, सकाळी ६.०५

बंडू, तुम्ही लोक फार लवकर कंटाळता. १९७० साली नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. विद्यार्थी, वकील, गिरणीतले कामगार, बायका, कोण नव्हतं! पाणी आलं १९७८ ला. नर्मदाकाठच्या जलूदपासून सत्तरएक किलोमीटर, आणि मधे घाट चढवून. तुमचं फायबर कोपऱ्यावर येऊन बसलंय, राहिलं किती? पण त्यासाठी गल्लीने एकत्र यावं लागतं. नुसतं मोबाइलवर टंकून नर्मदा येत नसते.

निवृत्त जॉइंटर | १० मे, सकाळी ९.४८

आप्पा, नमस्कार. तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही, पण पाण्याचं आणि ह्याचं गणित निराळं आहे. आयुष्य दूरसंचार खात्यात गेलं, खड्ड्यात बसून तारा जोडल्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती हे विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहेत. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने आलेली अठरा कामांची ती यादी. त्यात टेलिफोन नाही, इंटरनेट नाही. ते सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत, ३१ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे निगमने नेट द्यावं अशी त्याच्यावर कायद्याची जबाबदारीच नाही. पत्रकात कोणी काय छापावं ते ज्याचं त्याने बघावं.

निगमच्या हातात आहे ती जमीन. रस्ता खोदायची, खांब उभा करायची परवानगी. ह्याला आमच्यात 'राइट ऑफ वे' म्हणतात, कागदावर नुसतं 'आरओडब्ल्यू'. आणि इथेच बंडूरावांना गंडवतायत असा माझा संशय आहे. २०१६ च्या नियमांतच परवानगीला साठ दिवसांची मुदत होती. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, त्याखालचे २०२४ चे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यात ६७ दिवसांत होय किंवा नाही सांगायचंच, नाही सांगितलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. अर्जही हल्ली पोर्टलवर जातो, त्याला नंबर पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी तो "परमिशन अडकली" म्हणाला की एवढंच विचारा: अर्जाचा नंबर काय, आणि तारीख कोणती? मग त्याचा चेहरा बघा.

मालवी मिरची | १० मे, सकाळी १०.२०

जॉइंटरकाका, शंभर मोदक तुम्हाला. पण ६७ च का? सत्तर नाही, साठ नाही!

निवृत्त जॉइंटर | १० मे, सकाळी १०.२६

ते दिल्लीला विचारा.

तारवाला भिया | १० मे, दुपारी २.१५

मी केबलच्या धंद्यात आहे, पश्चिम इंदुरात. आता सगळे मिळून मला धुवा, पण माझं पण ऐका.

परमिशनची फी मोठी नसते. मोठा असतो रस्ता पूर्ववत करायचा खर्च. डांबर असेल तर एक भाव, सिमेंट काँक्रीट असेल तर डोळे पांढरे होतील असा भाव. जुन्या शहरात गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या. शिवाय खाली नर्मदेची लाइन, ड्रेनेज, कुठे कुठे गॅस. फावडं मारलं आणि पाइप फुटला तर गल्ली मला मारेल. त्यामुळे कोणी खोदत नाही. सगळे वरून तार फेकतात, खांबावरून गॅलरी, गॅलरीवरून खांब. मग एक दिवस लोंबत्या तारांविरुद्ध मोहीम निघते, तारा कापल्या जातात, आणि शिव्या मला.

आता कंपनीचा हिशोब बघा. टाउनशिपमध्ये एका टॉवरात ऐंशी फ्लॅट, तारा न्यायला एक डक्ट, एक सेक्रेटरी, एक सही. बंडूकाकांच्या गल्लीत पंचवीस घरं, त्यात बारा बंद, पोरं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. सांगा भिया, सेल्सवाला कुठे जाईल?

रात्री नेट झोपतं त्याचं पण सांगतो. बऱ्याच लहान केबलवाल्यांकडे ईपॉन आहे, म्हणजे एकाच फायबरला फाटे फोडून बऱ्याच घरांना नेट द्यायची पद्धत. एका पोर्टवर सव्वा जीबी स्पीड, ती तीसचाळीस घरांत वाटायची, कधी त्याहून जास्त. पण खरी बोंब तिथे नसते. बोंब असते मागे. वरून बँडविड्थच थोडी घेतलेली असते, आणि सगळे एकदम क्रिकेट लावतात. मी माझ्याकडे घेतो तितकी विकतो, म्हणून माझं कनेक्शन महाग. मग लोक स्वस्तवाल्याकडे जातात आणि इथे येऊन धागे काढतात.

मालवी मिरची | १० मे, दुपारी २.४०

शेवटचं वाक्य मनाला लागलं, पण चूक म्हणवत नाही.

बोळातला बंडू | १० मे, रात्री ९.०२

भिया, आम्ही स्वस्तवाल्याकडेच आहोत. दुसरा आहे कुठे?

एकाने सुचवलं म्हणून ते बिनतारी ५जीचं घरगुती यंत्रही शेजाऱ्यांनी आणून पाहिलं. आमच्या भिंती दीड हात जाडीच्या. खिडकीत ठेवलं तर चालतं, माजघरात आणलं की संपलं. शिवाय टॉवर जिथे आहे तिकडे आमची एकही खिडकी उघडत नाही.

पेनाइनचा पाऊस | ११ मे, रात्री १२.५०

मूळ सुदामा नगर, सध्या मुक्काम उत्तर इंग्लंडात, डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात. हा धागा वाचून हसू आलं, कारण मीही कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या निगमकडे, डोळे लावूनच बसलोय. भारतातून फोन आला की लोकांना वाटतं, गोऱ्यांच्या देशात सगळं सुरळीत असणार.

इथेही दूरसंचार हा केंद्राचाच विषय, पण त्यांनी जरा वेगळी युक्ती केली. 'बीडीयूके' नावाची सरकारी यंत्रणा काढली, थोडा पैसा लंडनचा, थोडा काउंटी कौन्सिलचा, आणि जिथे कंपन्यांना परवडत नाही तिथे अनुदान देऊन तारा टाकून घेतल्या. २०१७ अखेर ९५ टक्के घरांना २४ एमबीपीएस, असं उद्दिष्ट होतं. ते गाठलंही. उरलेल्या पाच टक्क्यांत आम्ही. मग २०२० च्या मार्चपासून हक्क दिला, की १० एमबीपीएससुद्धा मिळत नसेल तर मागा. त्यात मेख अशी की जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांच्या वर गेला तर वरचे पैसे तुम्ही भरायचे. डोंगरातल्या घराला लाइन टाकायची तर आकडा कुठल्या कुठे जातो. २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट गिगाबिट' आलं, पाच अब्ज पौंडांचं. आता कंत्राटं बहुतेक थेट बीडीयूके देतं, त्यामुळे कौन्सिलला विचारलं की ती तिकडे बोट दाखवते. सभेत पडद्यावर नकाशा लावतात. आमचं खेडं 'पुढच्या टप्प्यात' ह्या रंगात. रंग मधे एकदा बदलला, टप्पा तोच.

पण आमच्यापासून फार लांब नाही, लँकेशायरमध्ये, लोकांनी वाट बघणं सोडून दिलं. २०११ मध्ये 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' म्हणून संस्था काढली, तिला सगळे 'बार्न' म्हणतात. गावकऱ्यांनी शेअर घेतले. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून पाइप न्यायला फुकट वाट दिली. चर खणायला स्वतः उतरले, म्हातारीकोतारीसुद्धा. रस्ता खोदायचाच नाही, शेताशेतातून जायचं, म्हणजे परवानगीही नाही आणि काँक्रीटही नाही. महिना तीस पौंडांत एक जीबी स्पीड मिळायची, वर जाताना तेवढीच, खाली येताना तेवढीच. लंडनच्या पेठांना तेव्हा ते मिळत नव्हतं.

मालवी मिरची | ११ मे, सकाळी ८.१७

शेत फुकट द्यायचं? आमच्या शेजारणीने कुंडी ठेवायला चार बोटं जागा दिली नाही.

आता माझा एक मुद्दा, जॉइंटरकाकांना. ठीक, कायद्याने निगमची जबाबदारी नाही. पण २०२३ च्या फेब्रुवारीत ह्याच निगमने ग्रीन बाँड काढून लोकांकडून २४४ कोटी उभे केले की नाही? जलूदकडे सोलर लावायला, पंपांच्या विजेचं बिल कमी व्हावं म्हणून. लोकांनी पैसे दिलेही. मग फायबरला बाँड काढा. जबाबदारी नाही म्हणजे मनाई आहे असं थोडंच?

निवृत्त जॉइंटर | ११ मे, सकाळी ११.०५

बाई, मुद्दा बिनतोड आहे. पण सोलरमध्ये निगमचं स्वतःचं बिल वाचतं, परतफेड तिथून होते. फायबरमध्ये परतफेड कशातून? ग्राहक कंपनीचे. शिवाय नेट विकायचं तर केंद्राचं लायसन्स लागतं. जिल्ह्यापुरतं मिळतं, पण मग रात्री अकरा वाजता "नेट बंद आहे" म्हणून फोन कोण घेणार, झोनचा दरोगा?

मी असतो तर निगमकडे एकच मागणी लावून धरली असती. गल्ली कुठल्याही कारणाने उकराल तेव्हा त्याच खड्ड्यात एक रिकामा पाइप टाकून ठेवा. मग कुठलीही कंपनी येवो, भाडं देवो, आपली तार ओढून घेवो. काँक्रीट पुन्हा फोडायला नको. नव्या कायद्यातही सामाईक डक्टची कल्पना आहे. पाइपची किंमत खड्ड्याच्या मानाने काहीच नसते, खर्च सगळा खोदण्याचा. दरवेळी एकजण खोदतो, बुजवतो, आणि पुढच्या महिन्यात दुसरा येतो. आम्ही खात्यात असतानाही हेच होतं.

बंडूराव, तुमची गल्ली शेवटची कधी खोदली होती?

बोळातला बंडू | ११ मे, सकाळी ११.३०

ड्रेनेजसाठी, गेल्या वर्षी. संपूर्ण. टोकापासून टोकापर्यंत.

निवृत्त जॉइंटर | ११ मे, सकाळी ११.३१

अरे देवा.

वकीलीण वहिनी | ११ मे, दुपारी ४.२०

धागा छान चाललाय. कामाचं तेवढं लिहिते.

१८१ वर तक्रार टाकायला हरकत नाही, पण शब्द जपून. "नेट द्या" असं टाकाल तर तो निगमचा विषय नाही म्हणून बंद होईल. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. विचारायचं इतकंच: अमुक रस्ता आणि अमुक गल्ली, दोन्ही नावं वेगवेगळी लिहून, इथे ऑप्टिकल फायबर टाकण्यासाठी मागच्या तीन वर्षांत कोणाकोणाचे अर्ज आले, कुठल्या तारखेला, आणि त्यांचं काय झालं. 'का दिली नाही' असे प्रश्न विचारू नका, कारणं मागितली की टोलवाटोलवी होते. नोंदी मागा.

सध्याच्या कनेक्शनची रड वेगळी. त्यासाठी कंपनीकडे तक्रार, तिचा डॉकेट नंबर, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. लोक थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहितात. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती पुढे पाठवून देते.

आणि वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. ब्रॉडबँड कशाला म्हणावं ह्याची सरकारी किमान व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, मग ५१२, आणि २०२३ पासून २ एमबीपीएस.

मालवी मिरची | ११ मे, दुपारी ४.३३

म्हणजे कायद्याने बंडूरावांकडे ब्रॉडबँड आहेच! धागा बंद करा.

आप्पा लोकमान्यनगर | ११ मे, सायं. ७.१०

रिकाम्या पाइपची मागणी मला पटली. मोर्चा काढायचा तर ह्याच्यासाठी काढा. पत्राचा मसुदा कोणी करत असेल तर मी सही करीन, अक्षर अजून चांगलं आहे.

बोळातला बंडू | २७ जून, रात्री ९.४५

धागा वर काढतोय. अर्ज केला होता, उत्तर आलं. वहिनींचे आभार, दोन्ही नावं वेगळी लिहायला सांगितली ते फार बरं केलं.

मुख्य रस्त्यासाठी कंपनीचा अर्ज होता आणि परवानगीही मिळाली होती. आमच्या गल्लीसाठी कोणाचाही अर्ज नाही. एकही नाही. अडकायला मुळात काही नव्हतंच.

कागद घेऊन कंपनीच्या माणसाकडे गेलो. आधी "सिस्टिम बघतो", मग "साहेब सुट्टीवर", शेवटी चहा मागवला आणि खरं बोलला. गल्लीत खोदायचा त्यांचा विचार कधीच नव्हता. वरूनच तार आणणार, पण त्यासाठी गल्लीच्या तोंडाशी एक डबा लावावा लागतो, जिथून घराघरात फाटे निघतात. तो लावण्याजोगी भिंत एकच, कोपऱ्यावरच्या वाड्याची. वाडा तीन चुलतभावांचा, वाटणीचा दावा कोर्टात. धाकट्याने त्यांच्या पोरांना हाकलून लावलं, "कंपनीचा डबा लागला की भिंतीवर कंपनीचा हक्क लागेल." मग कागदावर काय लिहायचं? परमिशन पेंडिंग. कोणाची ते लिहायला त्यांच्या रकान्यात जागा नसते, असं तोच म्हणाला.

मला राग नक्की कोणाचा आला ते अजून ठरत नाहीये. हे चुलतभाऊ माझ्या ओट्यावर बसून रोज नेटच्या नावाने बोटं मोडत असतात.

पेनाइनचा पाऊस | २७ जून, रात्री ११.३८

इथेही बार्नवाल्यांना एखादा शेतकरी अडून बसला की अख्खा रस्ता वळवावा लागायचा. तुमच्या गल्लीला वळसाच नाही, ही पंचाईत आहे.

वकीलीण वहिनी | २८ जून, सकाळी ९.१५

त्या धाकट्या भाऊंची भीती अनाठायी आहे, पण वाटणं साहजिक आहे. वाटणीचा दावा चालू असला की माणसं खिळा ठोकायलाही घाबरतात. त्यांना सांगा, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातसुद्धा, कलम १० मध्ये, तार टाकणाऱ्याला जागेचा फक्त वापरापुरता हक्क होता, मालकी नाही. नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. डबा लावला म्हणून भिंत कोणाची होत नाही.

तरी तोंडी समजावू नका. एका पानाचा करार करा: डबा कंपनीचा, भिंत तिघांची, ह्या परवानगीचा वाटणीच्या दाव्यावर परिणाम नाही, घर पाडायची वेळ आली तर नोटीस देऊन डबा काढून न्यायचा. तिघांच्या सह्या हव्यात. एकाच्या सहीवर लावलात तर उरलेले दोघं त्याच कोर्टात हाही कागद लावतील.

तारवाला भिया | २८ जून, दुपारी १.०५

आणि डबा गॅलरीच्या खाली लावा, पन्हाळीच्या धारेत नको. पावसाचं पाणी जॉइंटमध्ये गेलं की सगळी गल्ली पुन्हा गच्चीवर. जमिनीपासून दहा फूट तरी वर, नाहीतर पोरं उघडतात, माकडं तर काय, विचारूच नका.

काका, एक बोलू का? कंपनीवाला पंचवीस घरांसाठी परत येईलच असं नाही. तेरा घरांची यादी करून द्या, नाव, मोबाइल, सही. यादी असली की सेल्सवाला धावत येतो. आणि नाही आला तर मला सांगा, मी येतो. माझं महाग आहे, आधीच सांगून ठेवतो.

बोळातला बंडू | १ जुलै, रात्री ८.५०

अकरा सह्या झाल्या. थोरल्या आणि मधल्या भावांनी करारावर केल्या. धाकटे म्हणतात, डबा माझ्या खिडकीकडे नको, मधल्याच्या खिडकीकडे लावा. मधले म्हणतात, कोर्टात ती खिडकी अजून कोणाचीच नाही.

आप्पा, तुम्ही रविवारी मोकळे आहात का? धाकट्यांचे वडील तुमच्या वर्गात होते म्हणे.

आप्पा लोकमान्यनगर | १ जुलै, रात्री ९.०४

होता. गणितात कच्चा, पण ऐकायचा. सकाळी दहाला येतो. करार मोठ्या अक्षरात छापून ठेवा.